दुचाकी, एसटी आणि पावसाळा: लॅपटॉपसाठी स्लीव्ह घ्यावी की बॅग?

प्रश्न एका कास्तकार वडिलांचा आहे. मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि दर शनिवारी गावी येते. गावापासून फाट्यापर्यंत वडिलांच्या मोटारसायकलवर, त्यातला बराचसा भाग पांदण रस्ता. फाट्यावरून एसटी, आणि एसटी चुकली तर काळीपिवळी जीप. लॅपटॉप नवीन, 15.6 इंची. सोबत मिळालेली बॅग आहेच. त्यांचं विचारणं असं की, स्लीव्ह (लॅपटॉपच्या मापाची मऊ फोमची पिशवी) घ्यावी, कडक केस घ्यावी, की ही बॅग टाकून ‘वॉटरप्रूफ’ बॅग घ्यावी? खर्चाची मर्यादा दीड हजार रुपये.

भाऊ, मी तालुक्याच्या गावी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, आणि माझ्या टेबलावर येणारी बरीच यंत्रं तुमच्या मुलीसारखाच प्रवास करून आलेली असतात. तुमच्या दीड हजारात नवी बॅग घेऊ नका. असलेली बॅग थोडी सुधारून घ्या, आत मापाची एक चांगली स्लीव्ह टाका आणि वरून रेनकव्हर घ्या. एवढ्यात काम होतं. का, ते सविस्तर सांगतो; कारण कळलं की दुकानात कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

आधी हे पाहा की लॅपटॉपला नेमकं काय मारतं. लोकांच्या मनात उंचावरून पडण्याची भीती असते. तसं पडलेलं यंत्र येतं, पण बॅगेत असताना न पडताच मोडलेली यंत्रं मला जास्त दिसतात. फुटलेला डिस्प्ले पाहिला की तो कशानं फुटला ते बहुतेक वेळा सांगता येतं. काच एका बिंदूपासून चांदणीसारखी चहूकडे तडकली असेल, आणि बाहेरून झाकणावर ओरखडाही नसेल, तर चार्जर दाबला गेला. चार्जरचा ठोकळा पुढच्या कप्प्यात, त्यावर गच्च वह्या, आणि गर्दीत कोणी तरी बॅगेवर रेललं. झाकण आतल्या बाजूला किंचित वाकतं आणि एक मिलीमीटरपेक्षाही पातळ काच तेवढ्यानं जाते. तडा कोपऱ्यातून निघाला असेल आणि त्याच कोपऱ्यावर बॉडी चेपली असेल तर बॅग जमिनीवर टेकवताना आपटली. काच शाबूत, पण पांढऱ्या पडद्यावर मधेच उजळ ठिपके दिसत असतील, तर तोही दाबच. मागचे प्रकाश पसरवणारे पातळ पापुद्रे चेपलेले असतात. पडद्यावर कीबोर्डच्या बटणांचे चौकोनी डाग उमटले असतील, तर बॅग कोंबून कोंबून भरली जाते हे कळतं.

म्हणजे शत्रू तीन: झाकणावरचा दाब, खालच्या कोपऱ्यावरचा मार आणि पाणी. आपल्याकडे चौथा आहे ऊन, त्याचं पुढे सांगतो. कुठलीही स्लीव्ह, कुठलीही बॅग हातात घेतली की या तीन गोष्टी विचारायच्या. रंग, कप्पे, बाहेरून लावायचं यूएसबी भोक, हे सगळं नंतर.

आता तुमच्याकडे असलेली बॅग. ती रिकामी करा, लॅपटॉपच्या कप्प्यात हात घाला आणि मूठ तळाला नेऊन टेकवा. बाहेरून दुसऱ्या हातानं बॅगेचा बूड दाबा. दोन हातांच्या मधे फक्त कापड लागलं तर तुमच्या मुलीचा लॅपटॉप दर वेळी बॅग खाली ठेवताना थेट फरशीवर टेकतो. लॅपटॉपसोबत मिळणाऱ्या बऱ्याच बॅगांचं असंच असतं: पाठीला फोम, पुढे फोम, आणि बुडाला काहीच नाही. चांगल्या बॅगेत लॅपटॉपचा कप्पा बुडापासून दोन-तीन बोटं वर संपतो, त्यामुळे बॅग आपटली तरी यंत्र अधांतरी राहतं. महागड्या बॅगेत पैसे खरे याच गोष्टीचे असावेत, पण अनेकदा तसं नसतं. हजार-दोन हजारांच्या बॅगेतही ही मूठ घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

बूड कच्चा असेल तर घरच्या घरी दुरुस्त होतो. लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत चटया मिळतात ना, त्या इव्हीए फोमच्या असतात, साधारण एक सेंटीमीटर जाड. त्यातली एक घ्या, बॅगेच्या बुडाच्या मापाची पट्टी कापा, दोन थर करून कप्प्याच्या तळाशी बसवा. शक्य असेल तर बाजूंनी चार बोटं वर वळवा, म्हणजे कोपरेही झाकले जातात. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा, हलका फोम वापरू नका. तो पहिल्या आठवड्यात छान वाटतो, मग दबतो आणि पुन्हा फुगत नाही. थर्माकोल तर अजिबात नको, त्याचे दाणे सुटून पोर्टमध्ये आणि पंख्यात जातात. गोधडीसारखी जाड शिवलेली कापडी पिशवी पुष्कळ घरांत करतात, माझा तिला विरोध नाही. ओरखडे आणि धूळ ती चांगली अडवते. पण कापूस दबला की मार झेलत नाही, आणि एकदा ओली झाली तर दोन दिवस वाळत नाही.

बॅगेचे बंद जिथे वर शिवलेले असतात ती जागाही पाहून घ्या. तिथे एकच सरळ टाका असेल तर बाजारात बॅगा शिवणाऱ्याकडून चौकट आणि तिच्यात फुली, असा टाका मारून घ्या. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. भरलेली बॅग चार-पाच किलो सहज होते, आणि धावत एसटी पकडताना लोक ती एकाच बंदाला धरून ओढतात.

आता स्लीव्ह. हिचं काम बॅगेपेक्षा वेगळं आहे. बॅग ओझं वाहते, स्लीव्ह यंत्राची कातडी जपते: ओरखडे, बारीक धूळ, घाम, थोडंफार पाणी आणि छोटे धक्के. स्लीव्ह घातली म्हणून लॅपटॉप कुठेही फेकता येईल असं नाही, आणि नुसत्या स्लीव्हमध्ये हातात धरून तुमच्यासारखा प्रवास करू नये. पण बॅगेच्या आत ती असली की फरक पडतो.

माप सगळ्यात महत्त्वाचं. 15.6 इंच हे पडद्याचं तिरकं माप आहे, बॉडीचं नव्हे. जुन्या जाड कडांचा 15.6 इंची लॅपटॉप 38 सेंटीमीटर लांब असायचा, हल्लीचे बारीक कडांचे 36 च्या आसपास असतात. एकाच ‘15.6’ च्या स्लीव्हमध्ये एक अडकतो आणि दुसरा खुळखुळतो. म्हणून घरची टेप घ्या, लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजा, कागदावर लिहून दुकानात न्या. त्याहून चांगलं म्हणजे लॅपटॉपच सोबत न्या. आतलं माप बॉडीपेक्षा लांबी-रुंदीत साधारण एक सेंटीमीटर जास्त असावं. सैल असेल तर कोपरा फोमच्या बाहेर सरकतो. फार घट्ट असेल तर मुलं बाहेर काढताना पडद्याची कड चिमटीत धरून ओढतात, आणि त्या ओढण्यानं बिजागऱ्यांवर ताण येतो. आजकालच्या स्वस्त मॉडेलमध्ये बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते नुसते प्लास्टिकात रुतवलेले असतात. प्लास्टिक तडकलं की नट उपटून येतात आणि झाकण उघडताना बॉडीच उकलते.

कापडाबद्दल दुकानात ‘निओप्रीन’ हा शब्द ऐकाल. पाणबुड्यांचे सूट ज्याचे करतात तो हा रबरी फोम. त्यात बंद बुडबुडे असतात म्हणून पाणी त्यातून झिरपत नाही. पण टाके आणि चेन यांतून पाणी जातंच, त्यामुळे निओप्रीनची स्लीव्ह म्हणजे पाण्यात टाकायची पिशवी असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्वस्तातल्या कितीतरी स्लीव्हमध्ये त्या नावाखाली साधा स्पंज असतो. ओळखायला सोपं आहे: अंगठ्यानं जोरात दाबा आणि सोडा. लगेच वर आलं तर ठीक, खळगा राहिला तर ठेवून द्या. जाडी पाच मिलीमीटरच्या आसपास असावी. कडेला फोम चेनच्या अगदी जवळपर्यंत आलाय का तेही चाचपा, कारण मार कडेलाच बसतो आणि स्वस्त स्लीव्हमध्ये नेमका तिथेच फोम नसतो.

आतल्या अस्तराकडे लोक बघत नाहीत, आपल्याकडे ते बघायलाच हवं. मऊ, केसाळ अस्तर हाताला छान लागतं, पण दिवाळीनंतर ज्या घरात कापूस भरलेला असतो तिथे ते तंतू धरून ठेवतं. मग तेच तंतू लॅपटॉपच्या जाळीतून आत जातात आणि पंख्याच्या पुढे, तांब्याच्या नळीच्या पात्यांवर त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. असं यंत्र उघडलं की पांढरी पट्टीच्या पट्टी चिमट्यानं ओढून काढावी लागते. सोयाबीन, तुरीच्या मळणीचा भुसाही तसाच. म्हणून अस्तर गुळगुळीत घ्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा स्लीव्ह उलटी करून झटका. अस्तरात अडकलेली रेती झाकणावर जे ओरखडे पाडते ते नंतर निघत नाहीत. चेन धातूची असेल तर तिच्या आतून कापडाची पट्टी शिवलेली हवी, नाहीतर आत-बाहेर करताना दात कडेवर घासतात.

चुंबकानं बंद होणाऱ्या झडपेची स्लीव्ह घ्यायची की नाही, हेही मला बरेचदा विचारतात. एसएसडीला, म्हणजे नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या हार्डडिस्कच्या जागी असते त्या चिपच्या डिस्कला, त्या छोट्या चुंबकाचा त्रास नाही. पण लॅपटॉपचं झाकण बंद झालं हे आतला सेन्सर चुंबकावरूनच ओळखतो, त्यामुळे यंत्र स्लीव्हवर ठेवून काम करताना पडदा मधेच बंद होऊ शकतो. बिघाड समजून लोक यंत्र घेऊन येतात. चेनचीच घ्या, प्रश्न मिटला.

कडक केसबद्दल. इव्हीएचं कडक कवच दाबाला उत्तम असतं, त्यात शंका नाही. पण ते जाड असतं, बॅगेत गेल्यावर वह्यांना जागा राहत नाही, आणि मग चार्जर पुन्हा बाहेरच्या कप्प्यात कोंबला जातो. ज्याला रोज जीपनं गावोगाव शिबिरांना जायचं आहे, सामान एकावर एक रचलं जाणार आहे, त्यानं कडक केस जरूर घ्यावी. तुमच्या मुलीला तिची गरज नाही.

‘वॉटरप्रूफ’ बॅगेचं सांगतो. कापडावर 600, 900, 1680 असा डेनियरचा आकडा असतो. 9000 मीटर धाग्याचं वजन जितकं ग्रॅम, तितका डेनियर. म्हणजे धागा किती जाड ते कळतं, पाणी अडतं की नाही ते नाही. पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा लेप. बॅग उलटी करून बघा, आतून किंचित चमकदार थर दिसला पाहिजे. तिथे तोंड लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर पाणीही जाईल. दुकानदार बाहेरून पाण्याचे थेंब टाकून ते कसे ओघळतात ते दाखवतो. तो वरचा लेप काही महिन्यांत झिजतो, त्यावर जाऊ नका. आणि कापड कितीही चांगलं असलं तरी चेन आणि टाके राहतातच. चेनवर कापडाची झडप असेल तर ती नुसत्या चकचकीत रबरी चेनपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

आपल्या पावसात, भर जुलैत उघड्या गाडीवर अर्धा तास, कुठलीही शिवलेली बॅग एकटी टिकत नाही. म्हणून रेनकव्हर, दीड-दोनशे रुपयांत मिळतं. मात्र रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही. रेनकोटवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून खाली उतरतं आणि कव्हरच्या बुडाला साठतं. त्यामुळे कव्हरच्या तळाला पाणी निघायला बारीक भोक आहे का पाहा, नसेल तर पाडून घ्या. आणि पावसाळ्याचे चार महिने स्लीव्हसकट लॅपटॉप एका जाड, स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून, तोंड दुमडून मग बॅगेत ठेवा. ही पिशवी खताच्या पोत्यातली आतली पिशवी नको. युरियाचा अंश राहिलेला असतो, तो हवेतली ओल ओढतो आणि धातू खातो. पिशवीत घालण्याआधी यंत्र बंद आणि थंड असू द्या, आणि घरी पोचल्यावर लगेच बाहेर काढा. रात्रभर पिशवीत बांधून ठेवलं तर आतली दमट हवा आतच राहते.

उन्हाचं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. लॅपटॉप बनवणारे साधारण 35 अंशांपर्यंत वापरायला सांगतात, आणि काही कंपन्या बंद ठेवायलाही 45 च्या आसपासचीच मर्यादा देतात. म्हणजे आपली नुसती सावलीच त्या मर्यादेला टेकलेली असते. उन्हात उभ्या गाडीच्या काचेआड बॅग ठेवली तर आतलं तापमान कितीतरी वर जातं. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि फुगली की टचपॅड खालून उचलायला लागतो. तसं दिसलं तर यंत्र वापरायचं थांबवा आणि ते कुठल्याही स्लीव्हमध्ये दाबून बसवू नका. उन्हाळ्यात काळी बॅग टाळता आली तर बरं.

यातच सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट येते. झाकण बंद केलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही, तो झोपतो. विंडोज 10 आणि 11 च्या बऱ्याच मॉडेलांत झोपेतही वायफाय, अपडेट चालू राहतं. फोमच्या स्लीव्हमध्ये, बंद बॅगेत, उन्हात ते यंत्र भाजून निघतं. फाट्यावर उतरून बॅगेला हात लावला आणि गरम लागली, बॅटरी निम्मी झाली, तर कारण हेच. मुलीला सांगा की निघण्याआधी रोज शट डाउन करायचं, किंवा पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर ‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर जपून यंत्र पूर्ण बंद होणं) निवडून ठेवायचं. जुन्या, फिरत्या हार्डडिस्कच्या यंत्रात तर हे अधिकच गरजेचं. तबकडी फिरत असताना गाडीचा एक दणका बसला तर डेटा वाचणारं डोकं तबकडीला घासतं आणि डेटा जातो. तुमच्या नव्या यंत्रात एसएसडी असेल तर ती भीती नाही.

बॅग कशी न्यायची यावर निम्मा खेळ आहे. गाडीवर लॅपटॉपची जागा एकच, मागे बसणाऱ्याच्या पाठीवर. माणसाचं अंग खड्ड्याचा दणका बराचसा पिऊन टाकतं. कॅरिअरवर रबरानं आवळून, टाकीवर ठेवून किंवा स्कूटीच्या हुकला लटकवून नेऊ नका. तुम्ही चालवता आणि मुलगी मागे बसते, तेव्हा बॅग तिच्याच पाठीवर हवी; तुमच्या पाठीवर असेल तर प्रत्येक ब्रेकला तिचा भार झाकणावर येतो. आणि बंद आखूड करा. मुलं बॅग लोंबती ठेवतात, मग तिचा बूड सीटवर टेकतो आणि पांदणीच्या प्रत्येक खड्ड्यात खालचे कोपरे सीटच्या मागच्या लोखंडी दांडीवर ठोकले जातात. बूड सीटपासून चार बोटं वर राहिला पाहिजे. छातीवर बांधायची आडवी पट्टी असेल तर ती वापरा.

बॅगेत लॅपटॉपचं झाकण पाठीच्या बाजूला हवं, पुस्तकांकडे नाही. पाठीकडची बाजू फोमची आणि सपाट असते. हां, उन्हाळ्यात पाठीचा घाम बॅगेच्या त्या बाजूच्या जाळीतून आत झिरपतो, पण त्यासाठीच तर स्लीव्ह आहे. चार्जर बॅगेच्या तळाला एका बाजूला किंवा वेगळ्या छोट्या पिशवीत, लॅपटॉपसमोर कधीच नाही. पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यात. जेवणाचा डबा या बॅगेत नकोच: तेल सांडतं ते एक, आणि वासावर रात्री उंदीर येतात. उंदरानं बॅगेसकट चार्जरची वायर कुरतडलेली प्रकरणं पावसाळ्यात नेहमी येतात. घरी आल्यावर बॅग खुंटीला टांगा, धान्याच्या पोत्यांजवळ टेकवून ठेवू नका.

एसटीत जागा मिळाली तर बॅग मांडीवर, उभी. वरच्या रॅकवर ठेवली तर ब्रेकला खाली येते किंवा तिच्यावर दुसऱ्याची ट्रंक येते. मागच्या चाकावरची आणि सगळ्यात शेवटची सीट शक्यतो नको, दणके तिथेच जास्त. उभं राहावं लागलं तर बॅग पोटाशी घ्यायची. काळीपिवळीत टपावर किंवा मागे टाकू द्यायची नाही, चालक कितीही आग्रह करो.

तुमच्या पैशांचा हिशेब असा लागतो: स्लीव्ह चार ते सहाशे, रेनकव्हर दीड-दोनशे, फोमची चटई शंभरच्या आसपास, बंदांचा टाका शंभर. हजाराच्या आतच बसतं. उरलेल्यात निळ्या दाण्यांच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या घ्या आणि पावसाळ्यात स्लीव्हमध्ये ठेवा. दाणे गुलाबी झाले की ओल धरून भरले असं समजायचं. पुडी फोडायची नाही, आणि घरात लहान लेकरं असतील तर त्यांच्या हाती लागू द्यायची नाही.

इतकं करूनही कधी पाणी शिरलंच, तर सुरू करून बघायचा मोह आवरा. चार्जर लावू नका. चालू असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, स्लीव्हमधून काढा, झाकण उघडून तंबूसारखं उलटं ठेवा, कीबोर्ड खाली. तांदळात पुरू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये जाते. उन्हातही ठेवू नका. जमेल तितक्या लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि आधी बॅटरी सोडवून घ्यायला सांगा. आत वीज राहिली तर ओल्या बोर्डावर एका रात्रीत हिरवा गंज धरतो. बॅटरी वेळेत निघाली तर पुष्कळ वेळा बोर्ड साफ करून यंत्र पुन्हा चालू होतं.